वानोळा

सकाळी हिरवं, दुपारी मान टाकलेलं,
संध्याकाळी पुन्हा ताठ.
तीन दिवस बटाट्याचं ते झाड मला असं खेळवत होतं.
म्हटलं, ऊन लागलं असेल.
किनांगोपच्या पठारावर, जूनच्या धुक्यात, कसलं ऊन?
चौथ्या दिवशी ते उठलंच नाही.
पिवळं पडलं नाही, करपलं नाही,
हिरवंच्या हिरवं मेलं,
माणूस जेवता जेवता जावा तसं.

शेतीखात्याचा किमेमिया आला
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून.
मला त्या पिशव्यांचं हसू आलं होतं.
चहा नको म्हणाला. पाणी दे, काचेच्या ग्लासात.
बुंध्याशी बोटभर देठ कापला
आणि पाण्यात टांगून धरला.
"टेबल हलवू नकोस."

देठाच्या तोंडातून खाली उतरला
दुधाचा एक धागा.
मग दुसरा.
किती सुंदर होतं ते, सांगायला लाज वाटते.
पोट भरल्यावर माझ्या लेकीच्या ओठांतून
असंच ओघळायचं.

"मर रोग. मातीत आहे."
"मातीत कुठून आला?"
तो काही बोलला नाही,
कोपऱ्यातल्या रिकाम्या गोणीकडे बघत राहिला.

गोणी वाइरुरीची.
माझी थोरली बहीण, तिचं शेत टेकडीवर, माझ्या बांधाच्या वर.
अंड्याएवढे, एकसारखे, निवडलेले शांगी बटाटे
मुलगी झाली तेव्हा पाठीवर घेऊन उतरली होती.
वानोळा कोणी चिरून बघतं का?

औषध नाही. हे त्याला दोनदा सांगावं लागलं,
पहिल्यांदा मी पैसे आणायला उठले होते.
आजारी झाड मुळासकट, भोवतीच्या मातीसकट, गोणीत.
शेताबाहेर खोल खड्डा, वर चुना.
गाईला घालायचं नाही, उकिरड्यावर तर नाहीच.
कुदळ ब्लीचच्या पाण्यात. फाटकाशी भिजलेलं पोतं.
तीन वर्षं बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही.
मका लाव, कांदा लाव, ओट लाव.
आणि बांधावरची मानागू उपट.

"मानागूसुद्धा?"
ती तर कोणी पेरलेली नव्हती.
आईने आम्हाला त्या पाल्यावर वाढवलं,
बाळंतपणात मला तीच भाजी.
"तिच्या मुळांत तो राहतो," किमेमिया म्हणाला,
"तिला काही होत नाही."

मी ग्लास झाकून वर गेले,
एक थेंबही वाटेत सांडू न देता.
वाइरुरीने ग्लास पाहिला, मग मला.
"माझ्या शेतात एक झाड मान टाकलेलं दाखव."
खरंच नव्हतं.
वर गारठा जास्त. गारठ्यात तो कंदात झोपून राहतो,
खाली उतरला की जागा होतो.
"बहिणीने दिलेलं पाण्यात धरून बघतेस?"
तिने चहा विचारला नाही.

पाऊस मात्र तिच्याकडून माझ्याकडे येतच राहिला.
वरच्या अंगाला मी चर खणला, कमरेइतका.
लोक म्हणाले, बहिणी-बहिणींत चर.
बरोबरच म्हणाले.

तिसऱ्या वर्षी ओटच्या खुंटांत
एक बटाटा आपोआप उगवलेला,
टवटवीत, एक पान खाली नाही.
उपटला. खाली पाच कंद, नखाने साल निघेल इतके कोवळे.
देठ कापला. ग्लास तोच.
पाच मिनिटं. दहा.
लेक टेबलाला हनुवटी टेकून:
"काय दिसतंय?"
पाणी.
"अजून?"
अजून पाणीच.

फाटक वाजलं.
बाहेर वाइरुरी.
हातात गाठ मारलेली पिशवी, आत एक हिरवं झाड.
कोणी न सांगता
एक पाय भिजल्या पोत्यावर, मग दुसरा,
टाचा, बोटांच्या बेचक्या, सावकाश पुसत होती.
वर न बघताच म्हणाली,
"रिकामा ग्लास आहे का गं?"